पत्र्याला हात लावू नका

गाडीच्या मागच्या चाकावरचा पत्रा गंजून त्याला भोक पडलं होतं. गंजका भाग कापला, मापाचा नवा तुकडा बसवला, वेल्डिंग केलं. एक दुपार गेली. 'आता काय, रंग मारला की झालं,' असं मी घरात जाहीर केलं. त्याला तीन आठवडे झाले. हे वाक्य आता घरातली मंडळी माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात.

माझं वेल्डिंग म्हणजे पत्र्यावरून निघालेली सुरवंटांची मिरवणूक. ती घासायला ग्राइंडर घेतला. पत्रा जेमतेम 0.8 मिलिमीटरचा. ग्राइंडर एका जागी टेकवून ठेवला की तो तापतो, निळा पडतो आणि वाकडा होतो. म्हणून थोडं इथे घासायचं, थोडं तिथे, आणि मग हात बांधून तो गार व्हायची वाट बघायची. एवढं दणदणीत यंत्र हातात असताना सबुरी कुणाला सुचते? मी दाबून धरलाच. सुरवंट गेला आणि जाताना खालचा पत्राही घेऊन गेला. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा सुरवंट. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात, आणि म्हणून आधी काच झाकायची असते, हे मला दुसऱ्या दिवशी काच पुसताना कळलं. पुसून काही उपयोग नव्हता.

जोड सपाट झाला. सहज आतून बॅटरी मारली, तर पत्र्यात चांदणं पडलेलं! टाचणीच्या टोकाएवढी अकरा भोकं. पुट्टी मारली असती तर दिसलीही नसती, असं मन म्हणालं. पण पुट्टी पाणी पिते. चाकाने उडवलेलं पाणी त्या भोकांतून पुट्टीत, पुट्टीखाली गंज, आणि मग रंगावर फोड. वरून कीर्तन, आतून तमाशा. अकराही भोकं वेल्डिंगने बुजवली, घासली आणि दमून झोपलो. सकाळी बघतो तो उघड्या पत्र्यावर तांबूस झाक! एका रात्रीत! माझ्यापेक्षा गंज कामाला चोख. पुन्हा घासला आणि या वेळी लगेच इपॉक्सी प्रायमर मारला.

आता पुट्टी. तिला घट्ट करणारा हार्डनर साधारण दोन टक्के घालायचा. पहिल्या वेळी हात सैल सुटला आणि पुट्टी पत्र्यापर्यंत पोचण्याआधी पात्यावरच दगड झाली. दुसऱ्या वेळी मी धडा शिकलो होतो, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत वाळलीच नाही; खरवडून काढावी लागली. तिसरी बेताची जमली. मग 80 नंबरचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासणं, मग 180, मग 320. तेही कोरडंच, कारण पाणी पिण्याची ती सवय. दोन दिवसांनी मला तो पत्रा आरशासारखा दिसू लागला.

बायको आली. तिने डोळे मिटले, तळहात सपाट ठेवून पत्र्यावरून एकदाच फिरवला आणि म्हणाली, "इथे खड्डा आहे."

"कुठे? मला तर दिसत नाही."

"दिसायचा नाहीच. हात फिरव."

मी फिरवला. होता. तरीही पुरावा म्हणून काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ठोकळ्याने घासलं. उंच जागचा काळा निघून गेला आणि ती म्हणाली होती नेमकं तिथेच काळं बेट उरलं. रंगाने झाकलं जाईल, ही माझी शेवटची आशा. पण रंग कसला झाकतोय! चकचकीत रंगासारखा चहाडखोर नाही. उजेड तिरपा पडला की पत्र्याची सगळी कुलंगडी तो चारचौघांत सांगत सुटतो. परत पुट्टी. परत तीन नंबर. मग जाड प्रायमरचे दोन हात, आणि त्यावर मात्र पाण्याचा पेपर, 400 आणि 600. ते काम मला आवडलं. त्यात निदान ग्राइंडर नव्हता.

काल सगळं संपलं. एका फडक्याने क्लीनर लावायचा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचा, म्हणजे तेलकटपणा नुसता इकडचा तिकडे होत नाही. तसं केलं. बोटांचा तेलकटपणाही रंगाला सोसत नाही, म्हणून हातमोजे घातले. रंगाचा गन भरून हातात घेतला.

तेवढ्यात मेहुणे आले. "वा दाजी! काय गुळगुळीत झालंय!" म्हणत त्यांनी केसांवरून फिरवलेला हात तसाच पत्र्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रेमाने फिरवला.

मी गन खाली ठेवला आणि दोन नवी फडकी शोधायला गेलो.