निवडणूक हरा, धोरण राखा

लोकशाही आज ना उद्या येणारच, हे आधी पचवा. तिला दारात अडवू नका. घरात आल्यावर तिने कशाकशाला हात लावायचा नाही, तेवढं घटनेत लिहून ठेवा. लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या चिलीत हे काम त्याचे घटनातज्ज्ञ हाइमे गुझमान यांनी केलं. विरोधक सत्तेवर आले तरी आपल्याला हवं त्याहून फार वेगळं काही त्यांना करता येऊ नये, ही भूमिका त्यांनी १९७९ मध्ये उघडपणे मांडली होती. लपवाछपवी नाही, हा गुण घेण्यासारखा.

सुरुवात नव्या घटनेवरच्या सार्वमताने करा. ११ सप्टेंबर १९८० ला तिथे मतदारयाद्याच नव्हत्या आणि कोरी मतपत्रिका ‘हो’मध्ये मोजली गेली. अधिकृत निकाल: ६७ टक्के. (शंभर टक्क्यांचा मोह टाळा, बरं दिसत नाही.)

मग मालमत्तेचं कलम. त्यात पाणी वापरायचे हक्कही बसवा, म्हणजे पुढे पाण्याचं फेरवाटप करायला निघालेला मंत्री नुकसानभरपाईच्या आकड्यानेच घाम पुसेल. पेन्शन खाजगी फंडांकडे द्या. सैन्याची जुनी पेन्शन मात्र तशीच ठेवा. बंदूकवाल्यांवर प्रयोग नको.

खरी करामत गणितात आहे. प्रत्येक मतदारसंघाला दोन जागा द्या आणि दोन्ही जिंकायला दुसऱ्या आघाडीच्या दुपटीहून जास्त मतं लागतील असं करा. ६५ विरुद्ध ३५ झालं तरी निकाल एक-एक. सगळीकडे हेच घडलं, तर १२० च्या सभागृहात बहुमतवाल्यांच्या जागा ६०. शिक्षण, मध्यवर्ती बँक असे विषय ज्या खास कायद्यांत कोंडले होते, ते बदलायला २०२३ पर्यंत चार-सप्तमांश, म्हणजे १२० पैकी ६९ लागत. बसा मोजत. तरीही धाकधूक वाटली तर सिनेटमध्ये नऊ जण न निवडताच बसवा. चिलीत ती सोय २००५ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली, जागांचं गणित २०१५ पर्यंत. शिक्षणाचा कायदा सत्ता सोडण्याच्या आदल्या दिवशी, १० मार्च १९९० ला छापला. घाई नव्हती, मुहूर्त होता.

बिघडतं कुठे? तिकिटात. २०१९ मध्ये मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि राजधानी सान्तियागो पेटली. पुढच्या वर्षी ७८ टक्क्यांनी नवी घटना मागितली. घाबरू नका. पहिला, ३८८ कलमांचा मसुदा २०२२ मध्ये ६२ टक्क्यांनी फेटाळला. २०२३ मध्ये उजव्यांनी लिहिलेला दुसराही पडला. जुनीच घटना चालू आहे, बऱ्याच दुरुस्त्यांसह.

सहीचा हट्ट मात्र सोडा. त्या घटनेखाली २००५ पासून पिनोचेची नव्हे, समाजवादी राष्ट्राध्यक्ष रिकार्दो लागोस यांची सही आहे.