परसातली कोजागिरी आणि मैदानाचं फाटक

2025 ची कोजागिरी 6 ऑक्टोबरला आली, सोमवारी. अमेरिकेत आपले सण जवळच्या शनिवारी सरकवायची पद्धत आहे, आणि त्यात वावगं काही नाही. दुसऱ्या दिवशी नोकरी असते, मुलांची शाळा असते. पण चंद्र पुरता भरलेला नसताना त्याला दूध दाखवायचं मला पटेना. बॉस्टनजवळच्या आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत. सगळ्यांना सोमवारीच, आमच्या परसात बोलवायचं ठरवलं.

दुसरंही कारण होतं. समोरच्या कोरियन आजींचा चुसोक, म्हणजे त्यांचा सुगीचा सण, त्याच दिवशी होता आणि कोपऱ्यावरच्या चिनी कुटुंबाचा चंद्रोत्सवही. असं दर वर्षी होत नाही. 2024 मध्ये त्यांचा सण 17 सप्टेंबरला झाला आणि आपली कोजागिरी 16 ऑक्टोबरला. 2025 मध्ये त्यांच्या पंचांगात सहावा महिना अधिक आला, आपल्या अधिक मासासारखाच, आणि त्यांची पौर्णिमा आपल्या आश्विनातल्या पौर्णिमेवर येऊन बसली. इथले लोक शरदातल्या विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या, सर्वांत जवळच्या पौर्णिमेला 'हार्वेस्ट मून' म्हणतात, तीही हीच. एरवी चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. या दिवसांत इतक्या उत्तरेला जेमतेम अर्धा तास. त्यामुळे ओळीने काही संध्याकाळी दिवस मावळतो न मावळतो तोच चांदणं हजर असतं, आणि पूर्वी शेतकरी त्या उजेडात कापणी उरकत. कोकणात हिला नवान्न पौर्णिमा म्हणतात, हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांना समजावून सांगायची गरजच पडली नाही.

बोलावणं करायला मी घरोघरी गेले. सातव्या घरात सोलापूरचं एक मुसलमान कुटुंब दोन वर्षांपूर्वी राहायला आलं आहे. दार त्या घरातल्या बाईनेच उघडलं. ऐकून तिचा चेहरा फुलला, आणि मग जरा थांबून तिने विचारलं, "ताई, आम्ही आलो तर चालेल ना?"

हा प्रश्न कुठून आला हे मला ठाऊक होतं. त्याच बातम्या माझ्याही फोनवर येत होत्या. नवरात्राच्या तोंडावर विश्व हिंदू परिषदेने गरब्यात फक्त हिंदूंनाच प्रवेश द्यावा आणि फाटकावर आधार कार्ड तपासावं असं म्हटलं होतं. प्रवेशाच्या अटी ठरवायचा अधिकार आयोजकांना आहे, असं मंत्री चंद्रशेखर बावनकुळे म्हणाले. विरोधकांनी टीका केली, वाहिन्यांवर आठवडाभर वाद झाला. त्याच सुमारास, 19 सप्टेंबरला, इथल्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी माणसांना इथे नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. ते फक्त नव्या अर्जांना लागू आहे हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला, पण तोपर्यंत भारतात सुट्टीवर गेलेली माणसं मिळेल त्या विमानाने परतायला धावत होती. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्या रात्री कुणी झोपलं नाही. 'आम्ही इतकी वर्षं कर भरतो, मुलं इथे जन्मली, आम्हाला परकं कसं म्हणता?' हे लिहिणाऱ्यांपैकी काहींनी दोनच दिवसांनी गरब्याच्या फाटकाचं समर्थन करणारे संदेश पुढे पाठवले. मला ते वाचून खरोखर दुःख झालं. ही माणसं वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात यांनीच डबे पुरवले होते.

त्यांची बाजू मी ऐकली आहे. गरबा म्हणजे देवीची आराधना, तिथे श्रद्धा नसलेल्याने यावंच कशाला, हा एक मुद्दा. मुलींची सुरक्षितता हा दुसरा, आणि तो मी हलका मानत नाही. गर्दीतला नकोसा हात काय असतो हे कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. पण आधार कार्डावर नाव, जन्मतारीख, पत्ता असतो. धर्म लिहिलेला नसतो. म्हणजे फाटकावरचा माणूस नाव वाचून अंदाज बांधणार. त्या अंदाजाने कुठली मुलगी सुरक्षित होते? मैदानात सगळीकडे लख्ख उजेड, स्वयंसेवक म्हणून बायका, हाकेच्या अंतरावर पोलीस आणि तक्रार केली तर 'तूच जरा बाजूला नाच' असं न सांगणारे आयोजक, एवढं असलं तर होते. त्रास देणाऱ्याला बाहेर काढा ना, त्याचं आडनाव काहीही असो.

आयोजकाच्या अधिकाराचा मुद्दा मात्र मला विचार करायला लावतो. 31 ऑक्टोबरला हॅलोवीनच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एक साधा संकेत पाळतात: दारावरचा दिवा लावलेला असेल तर मुलांनी यावं, नसेल तर पुढच्या घरी जावं. दिवा न लावणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. माझी लेक पहिल्या वर्षी परकर-पोलक्यात फिरली, आणि ज्या घरांत दिवा होता तिथल्या कुणी तिला तू कोण, कुठली, असं विचारलं नाही. दिवा लावायचा की नाही हे घरमालक ठरवतो, कारण घर त्याचं आहे. माझ्या परसात कुणाला बोलवायचं हे मीही तसंच ठरवू शकते. पण पालिकेची परवानगी घेऊन, रस्ता वळवून, सरकारी पोलीस बंदोबस्तात जे मैदान उभं राहतं, ते कुणाचं परस? आसपासची सगळी घरं, सगळ्या धर्मांची, रात्री दहाच्या पुढचा आवाजही सोसतात. आवाज सगळ्यांनी ऐकायचा आणि आत मात्र निवडक माणसांनी यायचं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

मी मिरजेची. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी गाणं होतं आणि आमचे आजोबा उपास सोडून थेट तिथे जाऊन बसायचे. त्याच मिरजेत 2009 साली गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल पेटली. म्हणून, आपल्याकडे पूर्वी सगळं गोडीगुलाबीचं होतं आणि हे आत्ताच बिघडलं, असं मी म्हणणार नाही. इथलंही सगळं आदर्श नाही. आम्ही मराठी माणसांनी वर्षानुवर्षं शाळेचा हॉल भाड्याने घेऊन, तिकिटं लावून, आपापसातच सण केले. शेजाऱ्याला आमच्या गाड्या तेवढ्या दिसायच्या. फाटक नव्हतं, पण बोलावणंही नव्हतं, आणि मला आता या दोन गोष्टींत फार अंतर वाटत नाही.

सोमवारी दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटर दूध परसातच शेगडीवर आटवायला ठेवलं. पलीकडच्या घरातल्या एका मुलाला सुक्या मेव्याची भयंकर ॲलर्जी आहे, त्यामुळे पातेली दोन केली: एकात केशर, वेलची, जायफळ एवढंच, दुसऱ्यात बदाम, पिस्ते. डाव वेगळे, पेले वेगळ्या रंगांचे, आणि त्याच्या आईला आधी वेलचीची डबीसुद्धा वाचायला दिली. कोरियन आजींनी सोंगप्योन आणले होते, तांदळाच्या पिठाचे, अर्धचंद्राच्या आकाराचे, पाइनच्या पानांवर वाफवलेले, आत तीळ. पहिला घास घेतल्यावर मला आमच्या स्वयंपाकघरातली उकड आठवली. चिनी कुटुंबाचे मूनकेक त्यांनी स्वतःच चार-चार तुकडे करून वाटले. स्पीकर नव्हता. लक्ष्मी आज खाली येऊन विचारते, 'कोण जागं आहे?', असं मी मुलांना सांगितलं आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत 'मी' म्हणायचं ठरलं. पाच भाषा झाल्या.

सोलापूरची माझी शेजारीण सगळ्यांत शेवटी आली, पदराखाली झाकून आणलेली चारोळीची पुडी घेऊन. तिच्या आईने सोलापूरहून पाठवलेली होती. पातेल्यात डोकावून ती म्हणाली, "अजून आटायला पाहिजे, ताई," आणि माझ्या हातातला डाव घेतला. खरंच, अजून अर्धा तास लागला.

नऊला मुलं गेली, दहापर्यंत बहुतेक सगळे. चंद्र पूर्ण भरण्याचा नेमका क्षण आमच्या घड्याळात रात्री पावणेबाराच्या सुमाराचा होता. तेव्हा परसात आम्ही तिघी उरलो होतो. आजी शाल पांघरून खुर्चीत, मी पायरीवर, आणि ती पातेल्याच्या कडेची खरवड चमच्याने काढून आम्हा दोघींच्या वाट्यांत घालत होती.