“प्रार्थनेने दंगल थांबत नसते” म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

३० जानेवारी जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा आधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या बॅचच्या, मग सकाळी तळजाईवर फिरायला येणाऱ्यांच्या. थोडक्यात म्हणणं असं: अहिंसा समोर इंग्रजांसारखा सभ्य शत्रू असेल तरच चालते, भजन-प्रार्थनेने जगात कुठलं युद्ध थांबलेलं नाही, शांततावाले दंगल संपल्यावर मेणबत्त्या घेऊन उगवतात आणि दंगल खरी थांबवतात ते पोलीस, भूदान फसलं हाच पुरावा, आणि शेवटी, हा शांततेचा डोस फक्त हिंदूंनाच पाजला जातो. खाली “कटू पण सत्य” आणि हात जोडलेले दोन इमोजी.

नुसता अंगठा दाखवून पुढे जाता आलं असतं, पण आमच्या तळजाई ग्रुपमधले चांगले शिकलेसवरलेले लोक “अगदी खरंय” लिहायला लागले म्हणून हे.

पहिलं, सभ्य इंग्रज. जालियनवाला बाग सगळ्यांना माहितीये, पेशावर फारसं कुणाला माहिती नसतं. २३ एप्रिल १९३०, किस्सा ख्वानी बाजार, निःशस्त्र जमावावर चिलखती गाड्या घातल्या आणि गोळीबार केला. समोर खान अब्दुल गफार खानांचे खुदाई खिदमतगार होते, म्हणजे पठाण, ज्यांच्यात बदला न घेणं ही नामुष्की समजली जायची, आणि त्यांनी देवाची शपथ घेतली होती की हिंसा करणार नाही, सूडही घेणार नाही. गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने या लोकांवर गोळी चालवायला नकार दिला, तर त्या शिपायांचं कोर्टमार्शल झालं आणि चंद्रसिंग गढवालींना जन्मठेप. आणि एवढं लांब कशाला, पुण्यात नगर रोडला आगाखान पॅलेसमध्ये जाऊन या, दोन समाध्या आहेत, गांधींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला, दोघंही कैदेत असताना. याला सभ्य म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

बरं, इंग्रज सोडून द्या. पूर्व जर्मनीत लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी शांततेची प्रार्थना व्हायची, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, बरेचदा मूठभर लोक असायचे. ९ ऑक्टोबर १९८९ ला त्याच प्रार्थनेनंतर सुमारे ७० हजार माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबार होणार अशी सगळ्यांना भीती होती, शहरात सशस्त्र फौजफाटा तयार ठेवलेला होता, आणि एकही दगड उचलला गेला नाही. बरोबर महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. समोर स्टासी, म्हणजे पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस होते, लंडनहून शिकून आलेले बॅरिस्टर नव्हते.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोन अभ्यासक बायकांनी १९०० ते २००६ मधली ३२३ आंदोलनं तपासली. अहिंसक सुमारे ५३ टक्के यशस्वी झाली, सशस्त्र २६ टक्के. यात अहिंसाही जवळजवळ निम्म्या वेळा हरते हे आलंच, ते लपवायचं काही कारण नाही. पण मग बंदूक किती वेळा हरते तेही मेसेजमध्ये लिहा ना.

आता “प्रार्थनेने युद्ध थांबलं नाही” हा मुद्दा. २००३ चा लायबेरिया घ्या. चौदा वर्षं अधूनमधून यादवी चाललेली, लहान पोरांच्या हातात रायफली. लेमा बोवी आणि तिच्या बरोबरच्या चर्चमधल्या बायका उठल्या, मशिदीतल्या मुस्लिम बायकांना सोबत घेतलं, आणि पांढरे टीशर्ट घालून मन्रोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज उन्हापावसात बसायला लागल्या, प्रार्थना, गाणी, परत प्रार्थना. अध्यक्ष चार्ल्स टेलरला चर्चेला जायला तयार केलं. घानामध्ये वाटाघाटी रखडल्या, पुढारी हॉटेलात आरामात राहतायत आणि इकडे माणसं मरतायत, तेव्हा या बायका सभागृहाच्या दारातच हातात हात अडकवून बसल्या, करार होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. पहारेकरी पकडायला आले तर बोवी म्हणाली मी इथेच कपडे उतरवते. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे शाप समजतात, पहारेकरी मागे हटले. ऑगस्टमध्ये करार झाला. नुसत्या प्रार्थनेने झाला का, नाही, टेलरवर बाहेरूनही दबाव होताच. पण रोज येऊन बसायचं बळ त्यांना प्रार्थनेतूनच मिळत होतं.

आणि भजन-कीर्तनाला हसणाऱ्यांनी निदान महाराष्ट्रात तरी हसू नये हो. गाडगेबाबांनी जत्रांमधले बळी बंद व्हावेत म्हणून कीर्तनातून गावंच्या गावं वळवली, ना कायदा हातात ना दंडुका, होता तो खराटा. विठ्ठल मंदिर दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपूरला केलेलं उपोषण मे १९४७ मधलं, पण त्याआधी काही महिने ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाबरोबर गावोगाव फिरत होते, आणि विठ्ठलाच्या आधी कितीतरी गावच्या विहिरी आणि देवळं दलितांना उघडी झाली. आपल्या पर्वतीवर १९२९ साली याच मागणीसाठी सत्याग्रह झाला, राजभोज, शिवराम जानबा कांबळे, एसेम जोशी, सत्याग्रहींनी दगड खाल्ले आणि देऊळ काही तेव्हा उघडलं नाही. कलापथकाने गावं आधी फिरून ठेवणं किती महत्त्वाचं असतं ते इथे कळतं.

मेणबत्तीवाल्यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. घटना घडून गेल्यावर बॅनर लावून फोटो काढणारे आहेतच, पुण्यात जरा जास्तच आहेत. पण “दंगल पोलीस थांबवतात” म्हणणाऱ्यांनी भिवंडी बघावी. १९८४ ला भयंकर दंगल झालेलं गाव. तिथे १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त होते, त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्हीकडची माणसं, नळाचं भांडण असो की पार्किंगचं, नियमित भेटायची. डिसेंबर ९२ - जानेवारी ९३ ला मुंबईत ९०० माणसं मेली आणि भिवंडी शांत राहिली. ही काही आध्यात्मिक मोहीम नव्हती, मान्य, पण यात पोलीसच सांगत होते की आमचं काम शेजाऱ्यांशिवाय होत नाही.

गणपतीच्या आधी चौकीत शांतता समितीची मीटिंग असते, कधी जाऊन बसा. एकात्मतेवर भाषण पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ अजानच्या वेळेला ढोल कुठे थांबवायचे, मशिदीसमोर गुलाल कुणी उधळायचा नाही, पाण्याचा स्टॉल कोण लावणार, रात्री एक वाजता फोन कोण उचलणार. चहा गार होतो, स्पीकरवरून वाद होतोच. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबर. राज्यात ठिकठिकाणी, पुण्यातही, मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढच्या तारखेला घेतला. हे काय मेणबत्त्या लावून झालं? काहीच घडलं नाही म्हणून बातमीही फारशी झाली नाही, आणि फॉरवर्ड तर नाहीच नाही.

भूदान, म्हणजे विनोबांची जमीन दान मागायची चळवळ. पोचमपल्लीत १८ एप्रिल १९५१ ला सुरू झालं, ४० लाख एकरांच्या वर जमीन कागदावर आली, त्यातली बरीच पडीक किंवा वादातली, बरीच वाटलीच गेली नाही. हे खरं आहे, पुढे.

शेवटचा मुद्दा, फक्त हिंदूंनाच शिकवतात. बंगालमधल्या नौआखालीत १९४६ ला हिंदूंवर अत्याचार झाले, गांधी तिथे अनवाणी गावोगाव फिरले, ते सगळे सांगतात. त्यांच्या बरोबरच्या अमतुस सलाम, स्वतः मुसलमान, सिरंडी गावात उपोषणाला बसल्या, कारण हिंदूंच्या पूजेतली खड्गं चोरीला गेली होती आणि त्यातलं एक परत मिळालं नव्हतं. मागणी गावातल्या मुसलमानांकडे होती. तीन आठवड्यांहून जास्त अन्न नाही, शेवटी तिथल्या मुसलमानांनी हिंदू शेजाऱ्यांच्या संरक्षणाची लेखी हमी दिली तेव्हा उपोषण सुटलं. हे जानेवारी १९४७ मधलं आहे, ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी तपासून घ्यावं आणि मग ग्रुपवर टाकावं.