‘सेमच हाये भाऊ’

या तीन शब्दांनी माझे दोन महिने खाल्ले. दुकानदाराच्या तोंडून ऐकले, कस्टमर केअरवरून ऐकले, आता झोपेतही ऐकू येतात.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, शेत गावापासून सव्वा किलोमीटर. तुरीत रोही (नीलगायी) घुसतात, डुकरं घुसतात, म्हणून रोज रात्री जागलीला जावं लागतं. बाबांचं वय आता मचाणावर चढायचं राहिलं नाही. म्हटलं, शेतात कॅमेरा लावू आणि घरच्या वायफायवर घेऊ. गच्चीवरून आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरळ दिसतो, मधात एक झाड नाही. दोन बायक्वाड, म्हणजे तारेच्या दोन चौकोनांचे अँटेना बनवायचे, एकावर एक बसवायचे, झालं काम. तीनशे रुपयांत.

काय तीनशे रुपयांत! असो.

बायक्वाड खरं तर मस्त बनले. मोटर वाइंडिंगवाल्याकडून 16 गेजची तांब्याची तार आणली, ब्लेडनं वार्निश खरवडलं, पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन प्रत्येक बाजू 31 मिलिमीटरची वाकवली. मागं तेलाच्या पिप्याचा पत्रा, तारेपासून 15 मिलिमीटरवर. एक बायक्वाड साधारण 50 ओहमचा (ओहम म्हणजे लहरीला होणाऱ्या अडथळ्याचं माप; दोन्हीकडे जुळलं नाही तर ताकद परत फिरते). पण दोन समांतर जोडले की होतात 25, आणि राउटरला पाहिजेत 50. त्याच्यावर जुना उपाय आहे. टीव्हीच्या 75 ओहम केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा प्रत्येक अँटेनाला जोडायचा. 50 चे 112 होतात, असे दोन समांतर आले की 56. एवढं चालतं.

आता केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू चालते. आत सॉलिड प्लास्टिक असेल तर प्रकाशाच्या वेगाच्या 66 टक्के, फोम असेल तर 83च्या आसपास. म्हणून दुकानात मुद्दाम विचारलं, "भाऊ, सॉलिड हाये का फोम?" तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "सेमच हाये भाऊ, पुऱ्या तालुक्याले हेच देतो." मी सॉलिड धरलं. पाव तरंग 20 मिलिमीटर. एवढुशा तुकड्यानं दोन अँटेना एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्याच्या पाचपट, 101 मिलिमीटर कापले. विषम पटीला तेच काम होतं.

मग केबल राउटरला जोडायचा कनेक्टर. एसएमए नावाचा मागितला, एसएमए आला. आटे बसले, घट्टही झाला, सिग्नल शून्य. राउटरवर असतो आरपी-एसएमए, म्हणजे उलट्या पिनीचा, आट्यांच्या मधात पिन. माझ्या कनेक्टरलाही पिन. पिनीला पिन भिडवून मी दोन दिवस फर्मवेअरला शिव्या देत बसलो होतो.

मग मीटर. ‘कोणताही अँटेना मोजा’ म्हणून विकलेला छोटा व्हीएनए (अँटेना तपासायचा मीटर) मागवला. तो चालतो 1.5 गिगाहर्ट्झपर्यंत, वायफाय 2.4 वर. फोन केला तर तिकडून शुद्ध मराठीत, "सर, सेमच असतं." परत घ्या म्हटलं तर आमच्या पिनकोडवर पिकअप नाही! आणून द्यायला येता ना बाप्पा, मग न्यायला काऊन येत नाही?

शेवटी अमरावतीच्या एका प्राध्यापक मित्राकडून 3 गिगाहर्ट्झचा आणला. गच्चीवरून खाली येणाऱ्या 10 मीटर आरजी-58 केबलच्या टोकाला लावला. एसडब्ल्यूआर, म्हणजे ताकद किती परत फिरते त्याचा आकडा (1 म्हणजे काहीच नाही), आला 1.2! घरात पेढे वाटले. कॅमेरा मात्र काही केल्या जोडत नव्हता. संध्याकाळी वर चढून पाहतो तर केबल अँटेनातून निघून वाऱ्यावर हलून राहिली होती. अँटेनाच नाही, अन् खाली 1.2!

कारण ही केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे जवळपास एक डेसिबल खाते. 10 मीटरमध्ये ताकदीचा दहावा हिस्सा उरतो, उघड्या टोकावरून उलटून येताना त्याचाही दहावा. शंभरातला एक परत आला की मीटरला वाटतं, वा, सगळं अँटेनानं घेतलं. अँटेनाला नाही, केबलला पेढे द्यायचे होते मी.

मीटर घेऊन वर चढलो, थेट अँटेनावर मोजलं. एसडब्ल्यूआर 2. म्हणजे पुन्हा तेच 25 ओहम. तेव्हा कुठं तुकडा सोलून आतल्या पांढऱ्यात नख दाबलं. रुतलं. फोम! फोममध्ये पाव तरंग 25 मिलिमीटरचा, म्हणजे 101 मध्ये बरोबर चार पाव, अख्खी एक तरंगलांबी. आणि अख्खी लांबी काहीच बदलत नाही, 50 चे 50. मी ओहम जुळवणं, म्हणजे मॅचिंग, केलंच नव्हतं, नुसती केबल जोडली होती. नख दुकानातच दाबायला पाहिजे होतं, कबूल. पण विचारलं होतं ना राजेहो!

आता 127 चे तुकडे कापायचे, राउटरच डब्यात घालून खांबावर न्यायचा, आरजी-58 जाऊ दे चुलीत. तोवर रोह्यांनी धुऱ्याकडचे तुरीचे चार तास (ओळी) साफ केले.

बाबांनी आताच टॉर्च हातात दिला. "आज हवा लय गार हाये. घोंगडी घेऊन जाय, अन् थो मीटर घरीच ठेव."