रॉय वाऱ्याबरोबर फिरले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तपशिलात शिरून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा: मानवेंद्रनाथ रॉय आधी सशस्त्र क्रांतिकारक, मग कम्युनिस्ट, मग काँग्रेसवाले, युद्धात इंग्रजांचे पाठीराखे आणि शेवटी मानवतावादी, वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्याच्या या उड्यांना मी उगाच 'वैचारिक प्रवास' म्हणतो.

संधिसाधू माणूस पडती बाजू सोडून चढत्या बाजूला जातो. रॉय यांचं एकेक वळण या कसोटीवर घासून बघा.

पहिलं वळण सरळ आहे. १९१५ मध्ये बंगालचे क्रांतिकारक बाघा जतीन यांच्या गटाचे नरेंद्रनाथ भट्टाचार्य, म्हणजे पुढचे रॉय, जर्मन शस्त्रांसाठी देशाबाहेर पडले. शस्त्रं हाती आली नाहीत, जतीन बालासोरजवळच्या चकमकीत गेले. पुढे अमेरिकेत त्यांनी रॉय हे नाव घेतलं आणि मार्क्स वाचला.

कम्युनिस्ट म्हणूनही ते होयबा नव्हते. १९२० च्या कॉमिन्टर्नच्या (मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या) अधिवेशनात वसाहतींमधल्या भांडवलदारी राष्ट्रीय चळवळींवर किती भिस्त ठेवायची, यावर त्यांनी थेट लेनिनशी मतभेद मांडला. लेनिनच्या प्रबंधाबरोबर रॉय यांचा पुरवणी प्रबंधही दुरुस्त्या होऊन मंजूर झाला. १९२७ साली चीनमध्ये मात्र त्यांनी घोडचूक केली: स्टालिनची गुप्त तार राष्ट्रवादी पक्षाचा वुहानमधला नेता वांग चिंग-वेई याला दाखवली आणि तिथली राष्ट्रवादी-कम्युनिस्ट युती मोडायला निमित्त मिळालं. १९२९ मध्ये कॉमिन्टर्नने त्यांना काढून टाकलं, कारण नव्या कडव्या धोरणाविरुद्ध ते जर्मन कम्युनिस्टांमधल्या विरोधी गटाच्या पत्रांत लिहीत होते. १९२४ च्या कानपूर कम्युनिस्ट कटाच्या खटल्यातला आरोप डोक्यावर असताना १९३० च्या अखेरीस ते खोट्या नावाने भारतात आले. जुलै १९३१ मध्ये मुंबईत अटक, बारा वर्षांची शिक्षा, अपिलात ती सहावर आली. मॉस्को पाठीशी नाही, पक्ष नाही, समोर तुरुंग. यात चढती बाजू कुठली?

तुमचा खरा राग १९४० नंतरच्या रॉयवर आहे, आणि तिथे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सुटल्यावर ते फैजपूर काँग्रेसला गेले, १९४० मध्ये अध्यक्षपदासाठी मौलाना आझादांविरुद्ध उभे राहून पडले, आणि त्याच वर्षी वेगळा पक्ष काढून युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला. त्यांचा हिशेब असा होता: फॅसिझम जिंकला तर स्वातंत्र्याचा प्रश्नच उरत नाही, हरला तर युद्धाने खिळखिळं झालेलं ब्रिटिश साम्राज्य टिकत नाही. हिशेबाचा दुसरा भाग खरा ठरला. पण ऑगस्ट १९४२ मध्ये लोकांच्या मनात काय पेटलं आहे, हे त्यांना उमगलं नाही. त्यात त्यांच्या कामगार महासंघाला सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत. पैसा युद्धप्रचारासाठी होता, रॉय यांच्या खिशासाठी नव्हता. तरी स्वातंत्र्य मागणाऱ्या संघटनेने तो घ्यायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमतही चुकवावी लागली. १९४६ च्या निवडणुकांत पक्षाची धूळधाण झाली.

या पराभवानंतरचं वळण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी मांडलेल्या बावीस सूत्रांत त्यांनी मार्क्सचा आर्थिक नियतिवाद, म्हणजे सगळं काही अर्थव्यवस्थाच ठरवते हा विचार, सोडला. विचारांना स्वतःची गती असते आणि समाजाचं मोजमाप व्यक्तीच्या स्वातंत्र्यावरून करायचं, अशी भूमिका घेतली. सत्तेसाठी भांडणारा पक्ष माणसाला पोखरतो, हे पटल्यावर डिसेंबर १९४८ मध्ये स्वतःचाच पक्ष विसर्जित केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि वि. म. तारकुंडे यांच्यासारखी माणसं विसर्जनानंतरही या विचाराबरोबर राहिली. तारकुंडे पुढे १९७४ मध्ये जयप्रकाशांबरोबर नागरी हक्कांच्या कामात होते.

रॉय यांना कोंडीत पकडायचं असेल तर याच सूत्रांत जागा आहे. पक्षांऐवजी गावोगावच्या लोकसमित्या, असं ते सांगतात. पण जात आणि जमीन ज्यांच्या हातात आहे तेच या समित्या ताब्यात घेणार नाहीत, याची तजवीज त्यात दिसत नाही. सगळी भिस्त लोकशिक्षणावर आहे. तुमचा पुढचा आक्षेप या मुद्द्यावर आला तर त्यावर वाद घालायला मला मनापासून आवडेल.