स्पीकर काढून ट्यूब अँप वाजवू नका

काल रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, स्पीकरची केबल काढून नुसतं लाइन आउटमधून हेडफोनवर वाजवलं तर चालतं ना? ग्रुपवर आलंय." ग्रुपवर आलेला मजकूर त्यानं मला पाठवला: 'ट्यूब अँप घरात हळू वाजवण्याच्या चार युक्त्या'. ट्यूब अँप म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारं गिटारचं अँप्लिफायर. आठवड्यात हाच मजकूर मला तिसऱ्यांदा आला. पोरानं पैसे साठवून ५० वॅटचं जुनं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा जोडावा लागणारं अँप, घेतलंय. त्यानं आधी विचारलं, हे नशीब. सगळेच विचारत नाहीत, म्हणून हे लिहितोय.

पहिली युक्ती: "स्पीकर काढा. लोड नाही, म्हणजे अँपवर ताण नाही." हे सपशेल उलटं आहे, आणि चारांतलं सगळ्यात घातक हेच. ट्रान्झिस्टरचं अँप स्पीकरशिवाय चालू राहिलं तर सहसा बिघडत नाही. तिथला समज कुणीतरी उचलून इथं आणलाय. ट्यूब अँपमध्ये पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणारी शेवटची ट्यूब) आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. मुलार्ड कंपनीची ईएल३४ या पॉवर ट्यूबची डेटाशीट काढून बघा: ५० वॅटच्या आसपासच्या पुश-पुल जोडीला (आळीपाळीनं काम करणाऱ्या दोन ट्यूबना) साधारण ३,४०० ओहमचा लोड दिलाय. ८ ओहमचा स्पीकर ट्रान्सफॉर्मरच्या साधारण २०:१ वेढ्यांमुळे ट्यूबला तेवढा 'दिसतो'. केबल काढली की हा लोड गायब. ट्यूब मात्र करंट ओढते आणि मधूनच तोडते. त्या वेळी गाभ्यात साठलेल्या चुंबकीय ऊर्जेला बाहेर पडायला वाट नसते, आणि प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबकडच्या वेढ्यांवर, हजारो व्होल्टचे झटके उठू शकतात. ईएल३४ची ३ नंबरची पिन प्लेटची, म्हणजे हेच झटके येतात ती; शेजारची २ नंबरची हीटरची, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेची. ठिणगी बऱ्याचदा त्या दोघींमध्येच उडते. एकदा सॉकेट जळून काळं पडलं की तो कोळसाच करंट वाहून न्यायला लागतो. सॉकेट वाचलं तर ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन फुटतं, आणि तो अँपमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक.

यात मला सगळ्यात भीती वाटते ती शांततेची. खोलीत आवाज नाही, कानाला हेडफोन, म्हणून पोरगं बिनधास्त व्हॉल्यूम दहावर नेतं.

फेंडर कंपनीच्या बऱ्याच अँपांत मुख्य स्पीकर जॅक रिकामा असला तर आउटपुट आपोआप शॉर्ट होतं, हे खरं. ट्यूब अँपला उघड्या आउटपुटपेक्षा शॉर्ट परवडतं, म्हणून ती सोय. पण ती केबल चुकून निघाली तर अँप वाचावं यासाठी आहे, रोज रात्री तसं वाजवत बसण्यासाठी नाही.

दुसरी युक्ती: "व्हॅरिअ‍ॅक परवडत नसेल तर पंख्याचा रेग्युलेटर लावा." व्हॅरिअ‍ॅक म्हणजे मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर. गिटारवादक एडी व्हॅन हेलन त्याच्या मार्शल अँपला व्हॅरिअ‍ॅकनं कमी व्होल्टेज द्यायचा, एवढं मान्य. पण व्हॅरिअ‍ॅकमधून निदान साइन वेव्ह तरी अखंड येते. पंख्याचे बरेच इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ती लाट कापून देतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो. आणि हीटरचं काय? त्याच डेटाशीटमध्ये ईएल३४चा हीटर ६.३ व्होल्ट, १.५ अँपिअरचा आहे. २३० चे १६० व्होल्ट केलेत तर हीटरला जेमतेम ४.४ मिळतील. ट्यूबचा करंट आवरणारं बायस व्होल्टेजही खाली घसरेल. पंख्यासाठी बनवलेली वस्तू पंख्यालाच राहू द्या.

तिसरी: "चारांतल्या कुठल्याही दोन ट्यूब काढा." यात अर्धं खरं आहे. १०० वॅटच्या चार ट्यूबच्या अँपमधून दोन काढता येतात, पण पुश-पुलच्या प्रत्येक बाजूची एक. मार्शलसारख्या मांडणीत दोन्ही बाहेरच्या किंवा दोन्ही आतल्या. शिवाय कॅब (स्पीकरचं खोकं) ८ ओहमची असेल तर अँपचा ओहम सिलेक्टर ४ वर आणावा लागतो. 'कुठल्याही' दोन म्हणजे एकाच बाजूच्या दोन्हीही निघू शकतात. आणि एवढं करून आवाज उतरतो फक्त ३ डेसिबल. कानाला निम्मा वाटायला साधारण १० लागतात.

चौथी, स्पीकरच्या तारेत १० वॅटचा रेझिस्टर घालायची. ५० वॅट ८ ओहममध्ये म्हणजे २० व्होल्ट, अडीच अँपिअर. त्यात १० वॅटचा रेझिस्टर जळू शकतो, आणि तो जळून तुटला की पुन्हा पहिल्या युक्तीसारखाच लोड गायब.

भाच्याला सांगितलं ते असं. मास्टर व्हॉल्यूम आहे, आधी तो वापर. पॉवर ट्यूबचीच गर्जना हवी असेल तर अँटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून जास्तीची ताकद खाणारं खोकं) घे: अँपचं आउटपुट ८ ओहम, अँटेन्युएटर ८, कॅब ८. क्षमता १०० वॅटची घे, कारण ५० वॅटचं हेड पूर्ण फाडून वाजवलं की ५० च्या वर जातं. अँप आणि अँटेन्युएटरमध्ये स्पीकरचीच केबल लाव, गिटारची नको. आवाज कमी झाला तरी ट्यूब पूर्ण जोरानंच झिजतात, तेवढं लक्षात ठेव. आणि मागचं पॅनल उघडू नकोस. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज उरलेला असू शकतो.

त्यानं तेव्हाच केबल परत लावून फोटो पाठवला. मग मी झोपलो.