पहारा

"ताई, गोव्याच्या हंसा तळावरची नौदलाची ती पाणबुड्या शोधणारी पी-८आय विमानं नुसत्या घिरट्या घालतात. आजवर एक तरी पाणबुडी बुडवली का? सगळा पैसा पाण्यात!" धाकट्या भावाने घरच्या ग्रुपवर हे टाकलं आणि खाली लगेच सातआठ अंगठे उमटले. मी उत्तर लिहायला घेतलं तर म्हणाला, तू तिकडे बसून सांगू नकोस.

तिकडे म्हणजे उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅनामध्ये, अर्न सरोवरापाशी. रविवारी आम्ही कासल आर्चडेलला जातो. कॅराव्हॅन उभ्या असतात ते काँक्रीट दुसऱ्या महायुद्धातलं आहे. तिथून उतार थेट पाण्यात शिरतो. सुंदरलँड आणि कॅटलिना, बोटीसारख्या पोटाची विमानं, इथूनच अटलांटिकवर निघायची. बारा-बारा तास, कॅटलिना तर त्याहूनही जास्त वेळ, खालच्या करड्या पाण्याकडे डोळे लावून. बहुतेक फेऱ्यांत काहीच दिसायचं नाही. भावाच्या हिशोबाने सगळंच वाया!

पण विमान दिसलं की जर्मन पाणबुडीला बुडी मारावीच लागे. पाण्याखाली तिचा वेग सायकलएवढा, तोही थोडा वेळ. तेवढ्यात जहाजांचा ताफा निसटायचा. जी जहाजं बुडालीच नाहीत, त्यांची मोजदाद कुणी करायची?

बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचंच घ्या. 30 तासांहून अधिक काळ ब्रिटिशांना ती सापडत नव्हती. 26 मे 1941 रोजी इथून उडालेल्या कॅटलिनाने ती हुडकली. कॅटलिनाने तिच्यावर एकही बॉम्ब टाकला नाही, फक्त ठावठिकाणा कळवला. दुसऱ्या दिवशी बिस्मार्क समुद्राच्या तळाला गेली. शेजारचा आयर्लंड देश तटस्थ, तरी समुद्राकडे जायला बेलीक ते बॅलीशॅनन हा आकाशातला अरुंद पट्टा त्यांनी या विमानांना गुपचूप मोकळा करून दिला होता. बॅलीशॅननला जाताना मी त्याच पट्ट्याखालून गाडी चालवते. इर्विन्सटाउनच्या चर्चमागे कॅनडाहून आलेल्या वैमानिकांच्या कबरी आहेत, गवत नेहमी कापलेलं असतं. इथे पहाऱ्याला मान आहे. आपल्याकडे धमाका झाला तरच पराक्रम.

खरं सांगायचं तर मला विमानांपेक्षा ते "तिकडे" जास्त लागलं. बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री तो दवाखान्याच्या बाकावर होता, आणि मी इथे स्वयंपाकघरात रिपोर्टांचे फोटो मोठे करकरून बघत होते. पहाटेपर्यंत. "तू काय केलंस?" असं त्याने नंतर विचारलं होतं.

विमानांची बाजू मी ग्रुपवर तीन लांबलचक मेसेज लिहून मांडली. त्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.